तारा उतरवलेला बास

मालवण,
६ जुलै २०२५

आदरणीय साल्वादोर अंकल यांस,
रोशेल लोबोचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, घरी मी आणि मम्मी दोघी बऱ्या आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तो तुमच्या सूनबाईंच्या फोनवर येतो आणि आधी सगळं घर वाचतं, मग तुम्ही. तुम्ही आयुष्यभर वाद्यं दुरुस्त केलीत, म्हणून मला जे विचारायचं आहे ते फक्त तुम्हाला विचारायचं आहे.

डायलनचा बास, त्याची ती चार तारांची गिटार, माझ्या हातून बिघडला आहे.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत परत जहाजावर जाताना तो बास आमच्याकडे ठेवून गेला, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा तुम्हीच भाच्याच्या बाजूने मोठे म्हणून बोलणी करायला आला होतात. साखरपुड्याची मुदी डिसेंबरात घालायची ठरली, आणि डायलन हसून म्हणाला, "तोवर ही मुदी समज, फक्त बोटात बसायची नाय." मी तो रोज वाजवत होते. मे महिन्यात वाटेवरच्या क्रुसाकडच्या लादाइनीच्या प्रार्थनेला पप्पांचं व्हायोलिन आणि माझा बास, असे आम्ही दोघंच होतो.

ऑगस्टमध्ये पप्पा गेले. वर्षभर लुत, घरभर दुखवटा. पप्पांचे वडील वारले तेव्हा पप्पांनी व्हायोलिनच्या तारा उतरवून वर्षभर पेटी बंद ठेवली होती. आमच्या घरात हीच रीत. मम्मी म्हणाली, "लुतात वाद्य तारांनिशी ठेवचा नाय गो." मी पप्पांच्या व्हायोलिनच्या तारा उतरवल्या आणि मग वाटलं, बासच्या ठेवल्या तर ते अर्धवट होईल. म्हणून त्याच्याही चारी तारा काढल्या, कपड्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

मागच्या आठवड्यात वाळवी बघायला पेटी उघडली. बासची मान मागे वाकली आहे. टोकाकडून बघितलं तर जराशी पिळलेलीही दिसते. मी तारा परत चढवून बघितल्या; त्या पट्ट्यांवर आडव्या पडतात आणि नुसत्या खडखडतात.

डायलन नाताळाला येणार. गेल्या नाताळातही येणार होता, पण मीच त्याला सांगितलं की लुतात मुदी होत नाही, पुढच्या वर्षी ये. आता त्याच्या हातात मी हे कसं देऊ? तर मला विचारायचं आहे की अगदी तसाच, तितक्याच चांगल्या प्रतीचा बास आज घ्यायचा तर किती पडेल? मी इंटरनेटवर आकडे बघितले आणि मला वाटलं मी एक शून्य जास्त वाचतेय. एवढ्या किमती खरंच आहेत का, आणि तेवढं देणं योग्य आहे का? माझ्याकडे लग्नासाठी ठेवलेले पैसे आहेत. ओरोसच्या ऑफिसात माझं काम कंत्राटी असलं तरी पगार वेळेवर होतो.

डायलनला अजून कळवलेलं नाही. कळवायचं म्हटलं तरी जहाजावर नेटचा त्रास दिसतो. दोन महिने झाले, मेसेजला एकच टिक येते आणि त्याच्या नावापुढचा फोटोही गेलाय. तुमच्याकडे त्याचा फोन आला तर मी बरी आहे एवढं सांगा.

तुमची,
रोशेल


म्हापसा,
१५ जुलै २०२५

प्रिय रोशेल बाय,

तुझं पत्र पोचलं. माझं मराठी मालवणच्या शाळेत जेवढं झालं तेवढंच आहे, चुका पोटात घाल.

आधी बासचं. बाय, व्हायोलिनची गोष्ट वेगळी. बासच्या मानेत आत लोखंडी सळई असते. तारा मान पुढे ओढतात आणि सळई मागे ओढते, दोघांच्या भांडणात मान सरळ राहते. तू तारा काढल्यास, सळई तशीच आवळलेली राहिली, वर मालवणचा पावसाळा. मग ती मागे जाणार नाहीतर काय होणार? तुझी चूक नाही. तुला सांगायला पाहिजे होतं ते देणाऱ्याने सांगितलं नाही.

बास माझ्याकडे पाठव. तुमच्याकडचा बाबली दर बुधवारी काजूगर घेऊन म्हापशाच्या बाजारात येतो, त्याच्या टेम्पोतून दे. मासळीच्या टेम्पोतून देऊ नकोस, गेल्या वर्षी एकाची गिटार तशी आली, अजून बांगड्याचा वास मारते. तारांना आणि सळईला तू हात लावू नकोस.

आता किमतीचं. तू शून्य बरोबरच वाचलंस. डायलनने तो जपानी बास कळंगुटच्या हॉटेलातल्या एका वाजवणाऱ्याकडून पंचेचाळीस हजारांना घेतला, तेव्हा मी सोबत होतो आणि मला तेही जास्त वाटले. आज तसा जुना लाखाच्या खाली मिळत नाही. त्या तोडीचा नवा दीड लाख, वर पेटी वेगळी. डॉलर वाढला, बाहेरून येणाऱ्या मालावर कर, चांगलं सुकवलेलं लाकूड मिळत नाही. त्यात लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या लोकांनी जुनी वाद्यं धुंडाळून धुंडाळून घेतली. त्यातले निम्मे वाजवत नाहीत, भिंतीला टांगतात.

पण तू घेऊ नकोस. लग्नाच्या पैशाला तर मुळीच हात लावू नकोस. घाई काय आहे? आधी मी मान बघतो.

डायलनला सध्या काही कळवू नकोस.

तुझ्या मम्मीला, सेलेस्तीनला, नमस्कार. तिच्या गुडघ्याला खोबरेल तेलात कापूर घालून लावायला सांग.

देव बरें करूं.
साल्वादोर


मालवण,
२४ जुलै २०२५

आदरणीय अंकल,

बास बुधवारी बाबलीबरोबर दिला. पेटी उचलताना तो म्हणाला, "एवढी लांब पेटी! आत कोण आसा गो, रडाक येवया काय?" मम्मीने त्याला झापलं. मी दोन चादरी गुंडाळल्यात, त्या परत नाही पाठवल्या तरी चालेल.

डायलनला कळवू नकोस असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला रडू आलं. तो माझ्यावर चिडू नये म्हणून तुम्ही सांभाळून घेताय हे कळलं. पण लपवणं मला जमत नाही. मान सरळ झाली तरी मी त्याला सांगणार, आणि नाही झाली तर तसाच दुसरा हातात देऊन सांगणार. म्हणून किमतीचं परत विचारते. रागावू नका.

इंटरनेटवर एक म्हणतो महाग बास म्हणजे नुसतं नाव, दुसरा म्हणतो स्वस्तातला घेणं म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून रविवारी चर्चमधल्या मीसनंतर कणकवलीला गेले. तिथे गुरुप्रसाद म्हणून एक जण लग्नाचा ऑर्केस्ट्रा चालवतो. त्याच्याकडे बारा हजारांचाही बास आहे आणि गेल्या वर्षी घेतलेला महागातलाही. मी दोन्ही मागितले. तो म्हणाला, "माका आधी सांग, तू वाजवतलंस की धुतलंस? रुमालान हात पुसतंस तो कितव्यांदा?" माझे हात घामेजतात, काय करू?

स्वस्तातला वाईट नव्हता. मधल्या सुरांना तर काहीच फरक कळला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण सगळ्यात खालची तार मोकळी सोडली की आवाज आधी फुगतो आणि मग एकदम बसतो. महागाच्या बासवर तोच सूर सोडला आणि मी हात काढून घेतला, तरी तो होता तिथेच उभा राहिला. वर चढत गेले तरी सूर पातळ झाला नाही. पप्पा मला लहानपणी स्वयंपाकघरात उभी करून खालचा सूर गायला लावायचे, कारण मम्मी वरचा धरायची, ते मधला, आणि खालचा धरायला घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणायचे, "तू हललंस तर आम्ही दोघांय पडतलों." त्या बासवर मला तसं वाटलं, की हा हलणार नाही. गुरुप्रसादला म्हटलं, किंमत जास्त आहे पण खोटी नाही. तो म्हणाला, "खोटी नाय, पण तेवढ्या पैशात माझो अख्खो ऑर्केस्ट्रा येयत, जेवणाशिवाय."

बेळगावला एकाकडे डायलनसारखाच, त्याच सुमाराचा जपानी बास विकायला आहे. फोटो सोबत आहेत. मान तुम्ही फोटोवरून सांगू शकाल का?

मम्मीला मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "त्या लाकडाक? तेच्यात तुझो साडो, मुदी आणि बॅण्ड सगळा झाला असता." नंतर पदर डोळ्याला लावून म्हणाली, "घे मगे. तेका बरा वाटात." माझ्या लग्नात नेसायचा साडो तिने मनात कधीच घेऊन ठेवलाय.

डायलनचा काही फोन?

तुमची,
रोशेल


म्हापसा,
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय रोशेल बाय,

उत्तराला उशीर झाला. तब्येत ठीक आहे, काम होतं.

मान टेबलावर शिकंज्यात आवळून ठेवली आहे. रोज थोडी ऊब देतो आणि थोडी आवळतो. लवकर होणारं काम नाही. तू विचारू नकोस, झालं की मी लिहीन.

बेळगावच्या बासचे फोटो बघितले. घेऊ नकोस. एवढ्या महागाच्या बासमध्ये काही ठेवलेलं नाही. लग्नात बास कोणाला ऐकू येतो सांग? लोक गाणाऱ्याकडे बघतात, नाहीतर बिर्याणीकडे. चीनमध्ये बनवलेले दहा-बारा हजारांचे आता बरे येतात. तार बदलली की झालं. किमती वाढल्यात त्या हौशी लोकांनी वाढवल्यात, शहाण्या माणसाने त्यात पडू नये. घरच्या घरी वाजवायला तुला कशाला हवा तसला?

पैसे बँकेत राहू देत. सेलेस्तीनचं वय होत आहे, तू एकटी कमावणारी.

तुझ्या पप्पांच्या, आमच्या पेद्रूच्या, वर्षाच्या मीसला यायचं मनात होतं, पण माझ्याने येववत नाही. माझ्याकडून मेणबत्ती लाव.

साल्वादोर


मालवण,
२७ ऑगस्ट २०२५

आदरणीय अंकल,

वर्षाची मीस झाली. तुमच्या नावाची मेणबत्ती लावली. मम्मीने काळे कपडे उतरवून निळी साडी नेसली, आणि दिवसभर "माका ह्या रंगात कोणी ओळखूचा नाय" म्हणत राहिली. लुत संपलं. पप्पांच्या व्हायोलिनला मी तारा चढवल्या. गजाला हात लावला नाही.

तुमचं पत्र मी खूप वेळा वाचलं. आधी वाटलं गप्प बसावं, कारण तुम्ही मोठे आहात आणि माझ्या चुकीसाठी रोज टेबलाशी बसता. पण मग मनात ठेवून नमस्कार लिहिणं खोटं झालं असतं.

बास कोणाला ऐकू येतो असं तुम्ही लिहिलंत. बोलण्यांच्या दिवशी आमच्याच घरी तुम्ही पप्पांना सांगत होतात की घराचा पाया कोणी बघायला येत नाही म्हणून तो रेतीचा घालतात काय. डायलन सांगायचा, पहिला पगार आला तेव्हा त्याला मोटरसायकल घ्यायची होती, तुम्ही त्याला कानाला धरून कळंगुटला नेलंत आणि म्हणालात, बाकी कशातही वाचव पण मानेत वाचवू नकोस. आणि मला मात्र चीनचा चालेल.

म्हणजे प्रश्न बासचा नाही. मी त्या लायकीची नाही असं तुम्हाला वाटतं. मी कुठल्या बॅण्डमध्ये नव्हते. म्हापशाला तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलांसारखी परीक्षा दिलेली नाही. जे आलं ते स्वयंपाकघरात पप्पांकडून आलं, आणि तेवढ्याच शिकण्यावर मी तुमच्या भाच्याच्या बासच्या तारा काढून त्याची वाट लावली. हे सगळं खरं आहे. "घरच्या घरी वाजवायला" हे शब्द वाचून पप्पांनाही वाईट वाटलं असतं एवढंच म्हणते. तसं असेल तर स्पष्ट लिहा. मी मनाला लावून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण ते माझं मी बघेन.

बास मी घेते आहे. तो माझ्यासाठी नाहीच, डायलनसाठी आहे, त्यामुळे माझ्या लायकीचा प्रश्न येत नाही. ठेव मोडली आहे. बेळगावच्या माणसाला अजून काही दिलेलं नाही, पुढच्या रविवारी बसने जाऊन बघून पैसे देणार आहे. मान टोकाकडून कशी बघायची ते तुमच्याकडे बघून पाठ आहे.

डायलन आला की बास हातात देईन आणि सगळं सांगेन. मग तो चिडला तरी चालेल. समोर उभा राहून चिडू दे.

तुमची,
रोशेल


म्हापसा,
३ सप्टेंबर २०२५

रोशेल बाय,

हे पत्र बाबलीच्या हाती देतो आहे. पोस्टाने रविवारच्या आत पोचलं नाही तर, या भीतीने. बाबलीला सांगितलंय, घरी जायच्या आधी तुझ्या हातात द्यायचं.

बेळगावला जाऊ नकोस. डायलन येणार नाही.

एप्रिलमध्येच त्याने जहाज सोडलं. तो पोर्तुगालमध्ये आहे. जहाजावर स्वयंपाकघरात काम करणारी एक मुलगी होती, कुंकळ्ळीची. जूनमध्ये त्यांनी तिथे नोंदणी करून लग्न केलं. तिला दिवस गेले आहेत. त्याच महिन्यात माझ्या सुनेने फोनवर फोटो दाखवला तेव्हा मला कळलं. त्याच्या नावापुढचा फोटो तुला दिसत नाही तो नेटमुळे नाही, बाय. तुला दिसू नये असं त्याने केलं आहे.

मी त्याला व्हिडिओवर घेतलं. सून कागदावर लिहून दाखवत होती तो काय बोलतो ते. मी विचारलं, "रोशेलीक कोण सांगतलो?" म्हणाला, "मी सांगतंय." मी म्हटलं, पेद्रूच्या वर्षाच्या मीसच्या आधी सांग. म्हणाला, होय. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात त्याचा निरोप आला. आला म्हणताच मला वाटलं, तुला कधी आणि कसं सांगणार ते त्याने लिहिलं असेल. निरोप असा होता की हल्ली त्या बासला चांगला भाव आला आहे म्हणतात, तो रोशेलकडे पडून आहे, आणून विका आणि पैसे पाठवा, घर घ्यायचं आहे.

मी दोघांनाही धड उत्तर दिलं नाही. तू आपल्या हाताने बास माझ्याकडे पाठवलास. बंगळूरचा एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेला, त्याला मी पेटी उघडून दाखवली नाही.

तू लायकीची नाहीस असं मला कधी वाटलं नाही. गेल्या वर्षी मेच्या लादाइनीला मी आलो होतो. ऐकू फार आलं नाही, पण ज्या बाकावर बसलो होतो त्या लाकडातून खालचा सूर कळत होता, आणि तो एकदाही घसरला नाही. पेद्रूला मी तिथेच सांगितलं. चाळीस वर्षं मी लोकांशी भांडलो की चांगला बास घ्या, किंमत वसूल होते, आणि परवा तुला उलट लिहिलं. तुझे पैसे वाचावेत म्हणून लिहिलं. खरं कारण लिहायची हिंमत झाली नाही. तू तुझ्यासाठी घेत असतीस तर मीच बेळगावला आलो असतो.

मान सरळ झाली आहे. तुझ्या पत्राच्या आधीच झाली होती. हा बास तू ठेव. त्याला मी सांगतो की मान गेली, दुरुस्त होत नाही, कोणी घेत नाही. एवढं खोटं मी देवाला सांगून घेईन.

मीसला आलो नाही कारण तुझ्या तोंडाकडे बघायचं धाडस नव्हतं.

साल्वादोर


मालवण,
२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय अंकल,

बाबलीने पत्र दिलं तेव्हा मी ओरोसहून येणाऱ्या बसमधून उतरत होते. तो नेहमीसारखी थट्टा न करता निघून गेला, तेव्हाच मला काहीतरी कळलं. पण मला वाटलं तुमचं काही बरंवाईट झालं. वाचल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती अशी की तुम्ही बरे आहात. नंतरचं नंतर.

उत्तराला महिना लागला त्याबद्दल माफ करा. चार-पाच पत्रं लिहिली आणि फाडली. त्यातली काही तुम्हाला होती, काही त्याला.

मम्मीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. "मगे येवचो नाय तर," एवढंच म्हणाली आणि उरलेले साफ केले. हात धुऊन फळीवरची बरणी काढली. तो येईल तेव्हा म्हणून तिने दर उन्हाळ्यात त्याच्या आवडीचं मिस्कूट, कैरीचं लोणचं, घालून वेगळं ठेवलं होतं, दोन वर्षांचं. मला म्हणाली, "वाढ. आता कोणासाठी ठेवतंस?" आम्ही दोघींनी जेवताना ते खाल्लं. चांगलं मुरलं होतं. मला अजूनही त्या चवीची शिसारी येते, आणि मम्मी रोज वाढते, संपवायचंय म्हणून.

मी हिशेब लावत बसते, की गेल्या नाताळात मी त्याला ये म्हटलं असतं तर. लुतात मुदी होत नाही, पण येऊन जेवून जायला कोणाची ना नव्हती. मी सगळंच बंद केलं. त्याने फोन केला की मी हळू बोलायचे, हसायचे नाही, पाच मिनिटांत ठेवायचे, पप्पांना वाईट वाटेल म्हणून. यात त्याचीही चूक आहे, हे मला कळतं. कळतं पण मन तिकडे वळत नाही, माझ्याकडेच वळतं.

तुमच्यावर राग होता. आता कमी आहे. संपला असं लिहिलं तर खोटं होईल. जूनमध्ये तुम्ही सांगितलं असतंत तर मी दोन महिने किमती विचारत आणि गुरुप्रसादच्या बासवर हात पुसत बसले नसते. पण तुम्ही नाही सांगितलंत म्हणून ते दोन महिने मी आनंदात होते, हेही खरं आहे. त्याचं काय करायचं मला माहीत नाही.

ठेव परत ठेवली. व्याज गेलं तेवढं गेलं.

आता बासचं. मान गेली असं त्याला सांगू नका. ती गेलेली नाही, तुम्ही सरळ केलीत. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलाल आणि मग तो बास घरात उघडताना दर वेळी मला ते आठवेल. आणि तो माझा नाही. त्याने मला दिला असं मी समजत होते, पण तो देऊन गेला नव्हता, ठेवून गेला होता. त्याच्या घरी पैसे लागत असतील. बंगळूरच्या गिऱ्हाइकाला दाखवा आणि आज जो भाव आहे त्या भावाने विका. मान वाकली होती हेही सांगा, किंमत कमी आली तरी. मला तो नको आहे असं नाही. परवा रिकाम्या पलंगाखाली झाडताना झाडू कशालाच लागला नाही, तर मी तिथेच बसले.

त्या मुलीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, ते बरं केलंत. प्रार्थनेत दोघांचं नाव घ्यायला पाहिजे, पण माझ्याने अजून होत नाही. झालं की विचारीन.

फादरनी डिसेंबरात क्रुसाच्या फेस्ताला बास वाजवशील का विचारलं. नाही म्हटलं. तुम्ही मला बास शोधून देऊ नका, एवढी विनंती. पुढेमागे घ्यावासा वाटला तर मी स्वतःच लिहीन, आणि तेव्हा मला खरी किंमत सांगा.

सोबत वेगळा कागद आहे. तो पेटीत, तारांच्या कप्प्यात ठेवा. जो घेईल त्याला माहिती असायला पाहिजे.

तुमची,
रोशेल


हा बास घेणाऱ्यास,

नमस्कार. तुम्ही यासाठी पुष्कळ पैसे दिले असतील. हल्ली किमती फार वाढल्या आहेत. मी बऱ्याच जणांना विचारलं आहे आणि स्वतःही वाजवून बघितलं आहे. दिले ते फुकट गेले नाहीत, याची खात्री बाळगा. सगळ्यात खालची तार मोकळी सोडून थांबा, म्हणजे कळेल.

पण काही गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे. याची मान एकदा मागे वाकली होती. ती म्हापशाला सरळ केली आहे आणि ज्यांनी केली त्यांच्या कामावर विश्वास ठेवायला हरकत नाही. वाकली ती माझ्या चुकीने, आधीच्या मालकाचा त्यात दोष नाही. तारा बदलताना चारी एकदम काढू नका, एकेक बदला. पावसाळ्यात पेटी बंद करून ठेवू नका, बाहेर भिंतीला टेकवून ठेवा. पाठीवर खालच्या बाजूला एक ओरखडा आहे, तोही माझाच, पट्ट्याच्या बक्कलचा. वरच्या तारेवर सातव्या पट्टीला सूर किंचित कुरकुरतो, ते पहिल्यापासून आहे. सवय झाली की लक्षात येत नाही.

घरात कोणी गेलं तरी याच्या तारा उतरवू नका. वाजवायचा नसेल तर वाजवू नका, पण तारा राहू द्या.

आणि तुम्हाला लांब कुठे जायचं झालं तर हा कोणाकडे ठेवून जाऊ नका. बरोबर न्या, नाहीतर विकून जा. ज्याच्याकडे ठेवाल त्याला तो वाजवायचा की जपायचा ते कळत नाही, आणि विचारायला तुम्ही तिथे नसता.

रो. लोबो, मालवण